साडेसातच्या कॉलनंतर कोण शिकणार?

ह्या वेळी पत्रं जवळपास सगळी एकाच विषयावर आली, ऑफिस सुटल्यावर शिकायचं की नाही. त्यातली तीन घेतली आहेत. नावं कोणाचीच छापत नाही, नागपूर लहान आहे बाप्पा, उद्या सीताबर्डीवर कोणीतरी ओळखायचं.

ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांचा, नागपुरातच एका सर्व्हिस कंपनीत सात वर्षांपासून जावा डेव्हलपर आहे. प्रोजेक्ट जुना, अजून जावा ८ ह्या जुन्या व्हर्जनवर चालू आहे. साडेदहाला ऑफिस, संध्याकाळी साडेसातला अमेरिकेतल्या क्लायंटसोबत कॉल, घरी पोचेपर्यंत नऊ. दोन वर्षांची मुलगी आहे. अप्रेझलमध्ये मॅनेजर म्हणाले, 'काम वेळेत करतोस पण सेल्फ-लर्निंग दिसत नाही, तुझ्यासोबतचे पोट्टे रात्री बसून क्लाउडचे सर्टिफिकेट काढून राहिले.' तेव्हापासून डोक्यात तेच सुरू आहे. रात्री अकराला लॅपटॉप उघडतो, व्हिडिओ लावतो आणि तिथंच डोळा लागतो. आतापर्यंत चौदा कोर्स विकत घेतले, पूर्ण झाला एक. माझ्यातच काही कमी आहे का? — एक वाचक, मनीषनगर

भाऊ, आधी त्या चौदा कोर्सबद्दल. सेल लागला की साडेचारशेत कोर्स मिळतो, आपण घेतो, आणि घेतल्याबरोबर अर्धं शिकल्यासारखं वाटतं, हे सगळ्यांचंच आहे, माझ्याकडे नऊ पडले आहेत, त्यातल्या एकाचा तर इंट्रोसुद्धा पूर्ण पाहिलेला नाही. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. आणि अकरा वाजता झोप येणं ही कमी नाही, दोन वर्षांची पोरगी घरात असलेल्या माणसाला अकरा वाजता झोप आली नाही तर काळजी करायची.

आता खरा प्रश्न. लोक 'ऑफिसच्या वेळेबाहेर' असं म्हणतात तेव्हा ते सहाला सुटणारं ऑफिस धरून चालतात. तुझा कॉल साडेसातचा, म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे दहा, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी घड्याळं मागे घेतली की तुझा साडेआठचा होणार. तर वेळेबाहेर म्हणजे नक्की केव्हा, हे तुझ्या मॅनेजरला एकदा विचारून बघ, भांडायला नाही, खरंच विचारून बघ.

माझा एक हिशोब सांगते. मी ह्या लाइनीत २००४ पासून आहे. २००९ मध्ये पुण्याला होते, तेव्हा ॲडोबीच्या फ्लेक्सचा, म्हणजे ॲप बनवायच्या एका टूलचा, काय तोरा होता, बँकांचे ते रंगीत डॅशबोर्ड, ब्राउझरमध्ये फ्लॅश प्लेअरवर चालायचे. म्हटलं हेच पुढचं. रोज जेवण झालं की रात्री दोन तास, जवळपास दीड वर्ष, सुट्टीत नागपूरला आले तरी आई म्हणायची अगं जरा बस माझ्याजवळ आणि मी आपली लॅपटॉप मांडीवर घेऊन. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनं लिहून टाकलं की आयफोनवर फ्लॅश का येणार नाही, आम्ही हसलो, म्हटलं आपले क्लायंट काय फोनवर डॅशबोर्ड पाहणार आहेत का! नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीनं मोबाइलवरचा फ्लॅश थांबवला, फ्लेक्स अपाचेकडे देऊन टाकलं, आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश कायमचं बंद. दीड वर्षाच्या रात्री गेल्या त्या गेल्या, आणि आईजवळ बसायचं राहिलं ते राहिलंच.

त्याच ऑफिसमध्ये, त्याच काळात, आमचा एक रिपोर्ट चाळीस मिनिटं चालायचा. लावून चहाला जायचं, परत यायचं, तरी चालूच. आमचे डीबीए होते, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, सगळे काका म्हणायचे त्यांना, ते एकदा डबा घेऊन माझ्या डेस्कवर आले आणि म्हणाले क्वेरी दाखव, म्हणजे रिपोर्टसाठी डेटाबेसला काय विचारलंस ते. एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे डेटाबेस माहिती कशी शोधतो त्याचा आराखडा, उघडला तर पूर्ण टेबलाचा स्कॅन. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स होता, पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखा, पण आम्ही अटीत त्या कॉलमला ट्रंक फंक्शन लावलं होतं, वेळ छाटून नुसती तारीख राहावी म्हणून. काका म्हणाले, इंडेक्समध्ये ठेवलीय आख्खी तारीख-वेळ आणि तू शोधतेस छाटलेली, मग तो बिचारा एकेक ओळ उचलून छाटून पाहणार नाही तर काय करणार. फंक्शन काढलं आणि अट लिहिली, ह्या तारखेपासून पुढे आणि दुसऱ्या दिवसाच्या आत. अकरा सेकंद! भाकरी-ठेचा खाता खाता वीस मिनिटांत झालं, तेही ऑफिसच्या वेळेत. मागच्या महिन्यात इथं आमच्या टीममधल्या एका पोरीच्या कोडमध्ये अगदी तेच सापडलं, डेटाबेस फक्त वेगळा होता, पोस्टग्रेस. तेव्हाचं अजून कामाला येतंय.

डेटाबेसशी बोलायची भाषा एसक्यूएल, तिच्या मागचा रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडायचा, पेपर एडगर कॉडनं १९७० मध्ये लिहिला, इंटरनेटचं आधीचं रूप अर्पानेट टीसीपी-आयपीवर, म्हणजे आजच्या इंटरनेटच्याच नियमांवर, गेलं १ जानेवारी १९८३ ला, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आलं २००५ मध्ये. ह्या गोष्टी आपल्या अप्रेझलला घाबरत नाहीत. फ्रेमवर्क, म्हणजे कोडचे तयार सांगाडे, येतात आणि जातात, इंडेक्स का चालला नाही, दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली सोबत चालणारी कामं, एकाच वेळी एकाच गोष्टीला का भिडले, रिक्वेस्ट अडकली तर कुठे अडकली, हे प्रश्न तेच राहतात.

म्हणून मी एक वाटणी करते, वाटलं तर घे. जे फक्त ह्या कंपनीला, ह्या प्रोजेक्टला लागतं, ते कंपनीच्या वेळेत. जे उद्या नोकरी सोडली तरी तुझ्यासोबत येतं, ते तुझ्या वेळेत, पण थोडं, आणि जागेपणी.

तुझ्याच प्रोजेक्टचं घेऊ. जावा ८ आलं मार्च २०१४ मध्ये. त्यानंतर ११, १७, २१, २५ ही जास्त वर्षं सपोर्ट मिळणारी व्हर्जन येऊन गेली, मधली दर सहा महिन्यांनी येतात ती सोडून दे. आता कंपनीला कधीतरी जावाच्या फ्रेमवर्कच्या, स्प्रिंग बूटच्या, ३ किंवा त्यापुढच्या व्हर्जनवर जावंच लागेल, त्याला कमीत कमी जावा १७ लागतं, आणि वर जाव्हॅक्सनं सुरू होणारी बरीच पॅकेजेस जकार्ता होतात, म्हणजे इम्पोर्ट बदला, जुन्या लायब्ररी तपासा, टेस्ट पाडा आणि उभ्या करा. हे तू रात्री अकराला का शिकायचं? हे कंपनीचं काम आहे. मॅनेजरकडे जाऊन म्हण, सर, हे मायग्रेशन आज ना उद्या येणारच आहे, मी पुढचे चार शुक्रवार दुपारी एका लहान मॉड्यूलवर ट्रायल करून किती काम आहे ते लिहून देतो. आणि त्याचं जिरामध्ये, म्हणजे कामांची नोंद ठेवायच्या टूलमध्ये, तिकीट काढून घे. हसू नको, तिकीट महत्त्वाचं आहे. तिकीट नसलेलं शिकणं अप्रेझलमध्ये कोणाला दिसत नाही, ते तुलाही आता कळलंच आहे.

सर्टिफिकेटचंही असंच. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये वरची पायरी गाठायची असेल तर ठरावीक संख्येनं सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, तेव्हा 'पोट्टे सर्टिफिकेट काढून राहिले' ह्यात पोट्ट्यांचा फायदा किती आणि कंपनीचा किती ते बघ. काढू नको म्हणत नाहीये मी. परीक्षेची फी कंपनी देणार का आणि अभ्यासाला वेळ देणार का, एवढं विचारून मग काढ. ॲमेझॉनचं असेल तर तीन वर्षांनी त्याची मुदत संपते, हेही धरून चाल.

राहिलं तुझ्या वेळेतलं. रात्र सोडून दे, ती मुलीची आणि झोपेची. तुझं ऑफिस साडेदहाला आहे, म्हणजे सकाळ मोकळी आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात डोकं चालतं तेही सकाळीच, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर गेलं की रात्री कुलरपुढेसुद्धा कोणाला काय सुचतं. आठवड्यातून दोन सकाळी, पाऊण-पाऊण तास. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्येच स्वतःवर निरर्थक अक्षरं पाठ करायचे प्रयोग करून दाखवलंय की एका बैठकीत ठासून भरण्यापेक्षा दिवस सोडून सोडून केलेलं जास्त टिकतं. तर रविवारी सलग पाच तास बसायच्या भानगडीत पडू नको, रविवार तर्री पोह्यांसाठी ठेव. आणि त्या पाऊण तासात व्हिडिओ नको, हातानं काहीतरी कर. व्हिडिओत तो माणूस टाइप करतो आणि आपल्याला वाटतं आपल्याला आलं, पोळ्या लाटताना आईकडे बघून वाटायचं तसंच, पोळी लाटायला घेतली की नकाशा निघतो. तुमच्याच प्रोजेक्टची एक हळू चालणारी क्वेरी घे, डेटा नाही हं, डेटा घरी आणायचा नाही, तशीच टेबलं घरी तयार कर, दहा लाख खोट्या ओळी भर आणि प्लॅन वाचत बस. काही लोक मेट्रोत पॉडकास्ट ऐकतात, मी खिडकीतून बघते, मला तेच बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र ह्या वाटणीत बसत नाही, ती म्हणजे नोकरी बदलायची असेल तर. प्रॉडक्ट कंपन्यांच्या इंटरव्ह्यूत ट्री आणि ग्राफ अशा डेटा मांडायच्या रचनांचे प्रश्न विचारतात, आपल्या रोजच्या कामात ते क्वचित येतात, त्यासाठी वेगळं बसावंच लागतं. पण त्याला शिकणं म्हणू नको, ती परीक्षेची तयारी आहे. तीन-चार महिने, घरी सांगून, बायकोला विचारून, कॅलेंडरवर शेवटची तारीख लिहून. आपलं चुकतं तिथंच, परीक्षेची तयारी आपण जन्मभर करत राहतो आणि जन्मभर नापास झाल्यासारखं वाटत राहतं.

आणि ते सोबतचे पोट्टे. त्यांना दोन वर्षांची मुलगी आहे का?

ताई, मी तुमच्या क्षेत्रातली नाही, घरीच असते. माझा मुलगा २६ वर्षांचा, मिहानकडे एका कंपनीत लागला आहे. ऑफिसमधून आला की जेवतो न जेवतो आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या ऑफिसच्याच लॅपटॉपवर बसतो. विचारलं तं म्हणतो आई, मी शिकून राहिलो, स्वतःचं ॲप बनवून राहिलो. लग्नाचं म्हटलं की ऐकतच नाही. हे असं चालतं का तुमच्यात? — एक आई, महाल

काकू, चालतं. आणि ह्याला मी वरच्या पत्राचं उत्तर देणार नाही, कारण तुमचा मुलगा कोणाच्या धाकानं बसलेला नाही, त्याला मजा येते आहे. कोणी रात्री दोनपर्यंत पेटी वाजवतं, कोणी कॅरम खेळतं, हा ॲप बनवतो. त्याला तुम्ही 'ऑफिसचं काम घरी आणतो' असं समजू नका. त्याच्या वयात मीही हेच केलं आणि त्यातलं फ्लेक्स वाया गेलं तरी सवय वाया गेली नाही, एवढं मात्र खरं, वरच्या भाऊंना सांगायचं राहून गेलं.

पण दोन गोष्टी त्याला माझ्याकडून सांगा, तुमच्याकडून नाही, तुमचं तो ऐकणार नाही. एक, ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचं ॲप बनवू नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे तयार केलं त्याचा पहिला मालक मालकच, म्हणजे कंपनी, वेगळा करार नसेल तर. आता हा रात्री घरी बनवतो ते नोकरीचा भाग नाही असं तो म्हणेल, आणि बरोबरही असेल, पण कंपनीचा लॅपटॉप वापरला की वाद घालायला जागा होते. शिवाय अपॉइंटमेंट लेटरमध्ये बऱ्याच ठिकाणी कायद्याच्याही पुढचं एक कलम टाकलेलं असतं, नोकरीत असताना जे काही बनवशील ते सगळं आमचं. जॉइन होताना तीस पानांवर सह्या करतात पोरं, वाचत कोणी नाही. ते काढून वाचायला सांगा. जुना का होईना, स्वतःचा लॅपटॉप घ्यायला सांगा.

दुसरी गोष्ट झोप. दिवसभरात शिकलेलं झोपेत पक्कं होतं, हे आता डॉक्टरही सांगतात आणि मेंदूवर काम करणारेही. दोन वाजेपर्यंत लिहिलेला कोड सकाळी बघून स्वतःच म्हणतो हे कोण्या भैताडानं लिहिलं. त्याला विचारा असं होतं का, हो म्हणेल.

लग्नाचं मला काही विचारू नका काकू, त्यात मी पडत नाही.

मॅडम, मी एका मध्यम कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे, हाताखाली अठरा जण. आजकालच्या पोरांना शिकायची भूकच नाही. मी स्वतः पुढाकार घेऊन दर शनिवारी सकाळी दहाला ट्रेनिंग ठेवलं, बाहेरून ट्रेनर बोलावले, तरी पहिल्या शनिवारी चौदा जण आले, चौथ्या शनिवारी तीन. त्यातला एक चहा प्यायला आला होता. आम्ही आमच्या काळात स्वतःच्या पैशानं पुस्तकं घेऊन शिकलो. आता एआय येऊन राहिलं, ही पोरं काय करतील? — एक मॅनेजर, आयटी पार्क

सर, तो चहा प्यायला आलेला मला आवडला. निदान खरं बोलला.

तुमचा शनिवार सुट्टीचा आहे ना? मग तुम्ही ट्रेनिंग नाही ठेवलं, तुम्ही सहावा दिवस ठेवला. चौदाचे तीन झाले ह्यात भुकेचा काय संबंध, बाकीचे अकरा जण कोणी कामठीहून कोणी हिंगण्याहून येणार, कोणाची आई आजारी, कोणाला गावाकडे शेतावर जायचं, कोणी नुसताच झोपणार, तोही त्याचा हक्क आहे. २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले होते की तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं, तेव्हा देशभर केवढी भांडणं झाली, तुमच्या ऑफिसातही झाली असतील. तुमची पोरं तुमच्या शनिवारकडे त्याच नजरेनं बघून राहिली असतील.

आपल्या काळाचं म्हणाल तर मीही त्याच काळातली. आपण पुस्तकं विकत घेतली खरं आहे, पण आपल्या हातात तेव्हा रात्री वाजणारा ऑफिसचा ग्रुप नव्हता. सहाला निघालो की निघालो.

इतर धंद्यांत बघा. सीए प्रॅक्टिस करत असतील तर त्यांच्या संस्थेनं ठरावीक तासांचं शिक्षण सक्तीचं करून ठेवलंय, डॉक्टरांनाही नोंदणी चालू ठेवायला क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. म्हणजे शिकणं हा कामाचाच भाग आहे हे तिथं लिहून ठेवलेलं आहे, मोजलेलं आहे. आपल्याकडे अशी संस्था नाही, कोणी मोजत नाही, म्हणून ते सगळं पोरांच्या रात्रींवर ढकललं जातं, आणि मग ज्याच्या रात्री मोकळ्या तो हुशार ठरतो. मी स्वतः इंटरव्ह्यू घेते, आधी मीही गिटहबवर, जिथं लोक आपला कोड ठेवतात, किती हिरवे चौकोन दिसतात, म्हणजे किती दिवस कोड टाकला, ते बघायची. एकदा लक्षात आलं की ह्या चाळणीतून लहान मुलं असलेल्या बायका एकजात गळून राहिल्या आहेत, ज्यांच्यापैकी दोघींना मी ओळखत होते आणि दोघी माझ्यापेक्षा चांगलं डीबग करायच्या. तेव्हापासून बघणं बंद केलं.

एआयचं म्हणाल तर चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हापासून पोरं कोड भराभर काढतात हे खरं, आता वाचणं महत्त्वाचं झालंय. मशीननं लिहिलेल्या कोडमध्ये चूक कुठे आहे हे ओळखायला शनिवारचा ट्रेनर उपयोगी नाही, ते तुमच्याच प्रोजेक्टच्या कोडवर चार जण बसून बोलले तरच येतं. बाहेरच्या ट्रेनरचे पैसे वाचवा.

असं करून बघा. बुधवारी सकाळी अकरा ते साडेबारा, तेव्हा अमेरिकेत रात्र असते, क्लायंट झोपलेला असतो, कोणाचा फोन येणार नाही. त्या दीड तासाचं काम प्लॅनिंगमधून आधीच कमी करा, नाहीतर पोरं ते रात्री भरून काढतील आणि पुन्हा तेच. मागच्या आठवड्यात प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे क्लायंट वापरतो त्या सिस्टिममध्ये, जे फुटलं ते स्क्रीनवर उघडायचं, ज्यानं दुरुस्त केलं त्यानं सांगायचं, कोणी फोडलं ते विचारायचं नाही. पहिल्या बुधवारी तुम्ही स्वतःची एक जुनी चूक सांगा, मोठी सांगा, बारीकसारीक नको. अठराच्या अठरा येतील असं नाही, पण चौथ्या आठवड्यात तीनवर नाही येणार.

आणि चहावाल्याला पुढच्या रांगेत बसवा. चार बुधवार झाले की काय झालं ते कळवा.